मशीनच्या जाळीतली निळी लव: या पापाचा धनी कोण?

निळी शाई

परवा कपडे धुण्याच्या मशीनची जाळी बऱ्याच महिन्यांनी साफ केली. आतून ओल्या मांजराच्या पिल्लासारखा मऊ निळा गोळा निघाला. घरात त्या रंगाचं एकच कापड आहे, माझं फ्लीसचं जाकीट. लेबल बघितलं तर १०० टक्के पॉलिएस्टर. म्हणजे माझ्या तळहातावर होतं ते प्लॅस्टिकच. आणि जाळीत अडकलेलं एवढं, तर न अडकता पुढे गेलेलं किती?

मग वाचत सुटले. २०११ मध्ये मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांनी सहा खंडांतल्या १८ किनाऱ्यांवरची वाळू तपासली होती. तीत सापडलेले तंतू कपड्यांतल्या पॉलिएस्टर-अ‍ॅक्रिलिकशी जुळत होते, आणि एकेका कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून जास्त तंतू सुटू शकतात असं त्यांना दिसलं. २०१६ मध्ये प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी ६ किलोच्या धुण्याचा अंदाज मांडला. पॉलिएस्टर-कॉटन मिश्रणातून सुमारे १ लाख ३८ हजार तंतू, निव्वळ पॉलिएस्टरमधून ४ लाख ९६ हजार आणि अ‍ॅक्रिलिकमधून जवळपास ७ लाख २९ हजार. (हे थॉम्पसन तेच, ज्यांच्या २००४ च्या लेखामुळे मायक्रोप्लॅस्टिक, म्हणजे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण, हा शब्द सगळीकडे गेला.)

माझा प्रश्न आकड्यांचा नाही. जिथे जावं तिथे उपदेश मलाच. थंड पाण्यात धुवा, कमी वेळा धुवा, खास पिशवी घ्या, गाळणी बसवा. ज्यानं ते कापड बनवलं, त्याला कोणी काही विचारतंय का?

आळशी अजगर

मी कपडे कमी धुतो याला घरात आजवर आळस म्हणत होते. हा धागा छापून दाराला चिकटवतो.

दोन वेण्या

अजगर, हसू नका, माझ्याकडेही तेच जाकीट आहे, फक्त मरून. आता बघायचीही भीती वाटते.

मी ते नेहमी 'नाजूक कपडे' वाल्या बटणावर धुते. त्यानं कमी सुटत असेल ना?

उलटतपासणी

विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच आकडे जपून वापरावेत असे वाटते.

'समुद्रातील ३५ टक्के प्लॅस्टिक कपड्यांतून येते' हे वाक्य सर्रास फिरते. मूळ अहवाल आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेचा, २०१७ चा. त्यात ३५ टक्के हा वाटा आहे तो फक्त 'प्राथमिक' मायक्रोप्लॅस्टिकचा, म्हणजे जे सूक्ष्म रूपातच पर्यावरणात येते त्याचा. पिशव्या, बाटल्या, मासेमारीची जाळी तुटून होणारे तुकडे त्यात धरलेलेच नाहीत. शिवाय ते गणिती प्रारूपावरून काढलेले अनुमान आहे, समुद्रात मोजलेले नव्हे.

दुसरे, २०२० मध्ये सुआरिया आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या समुद्रांतले ९१६ नमुने तपासले. त्यातल्या तंतूंपैकी कृत्रिम निघाले ८.२ टक्के. बाकीचे कापूस आणि तत्सम वनस्पतिजन्य (सेल्युलोज) तंतू, थोडी लोकर. नुसते सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत तंतू दिसला की 'प्लॅस्टिक' अशी नोंद करणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

तिसरे, लाखांत मोजलेले तंतू वजनात किती भरतात? २०१९ च्या एका इटालियन अभ्यासात किलोभर कपड्यांमागे १२४ ते ३०८ मिलिग्रॅम निघाले. म्हणजे ६ किलोच्या धुण्यात साधारण पाऊण ते पावणेदोन ग्रॅम. चिमूटभर.

निळी शाई

उलटतपासणी, तो ३५ टक्क्यांचा खुलासा बरा केलात, मीही तसंच धरून चालले होते. पण ही चिमूट एका घरातली, एका दिवसाची. आणि ८.२ टक्के म्हणजे शून्य नाही.

कापूसकोंड्या

कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये वीस-बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. आयडीप्रमाणेच लांबण लावणार आहे, आधीच माफी.

समुद्रातल्या कापसाच्या तंतूंबद्दल उलटतपासणी म्हणतात ते बरोबर. कापूस कुजतो, पण रंगवलेला, सुरकुत्या पडू नयेत म्हणून रेझिन चढवलेला कापूस तितक्या लवकर कुजत नाही. तेव्हा 'कॉटन घाला नि सुटा' इतकं सोपं नाही. पण मला बोलायचंय ते वेगळंच. ही लव मुळात सुटतेच कशामुळे?

पॉलिएस्टरचे चिप्स, म्हणजे दाणे, वितळवून बारीक छिद्रांतून दाबले की अखंड तंतू निघतो, त्याला आम्ही फिलामेंट म्हणतो. मैलोगणती लांब. त्याला टोकंच नसतात, त्यामुळे सुटायला फारसं काही नसतं. पण कापसाशी मिसळायचं, कापसासारखं दिसायला हवं, तर तोच अखंड तंतू मुद्दाम कापतात, बहुधा ३८ मिलिमीटरचे तुकडे. हा झाला स्टेपल. मग त्याचे पेळू, त्याला पीळ, त्याचं सूत. आता त्या सुतात तंतूंची असंख्य टोकं आली. घट्ट पीळ दिला तर टोकं आत दबून राहतात, पण कापड खरखरीत लागतं. सैल पीळ दिला की कापड मऊ लागतं आणि टोकं बाहेर डोकावतात. ती घासली जातात, त्यांचे गोळे होतात, गोळे तुटतात. धुतल्यावर टी-शर्टवर गोळे आलेले सगळ्यांनी पाहिलेत, ते हेच.

आता फ्लीस. त्यात गंमत अशी की सूत बहुतेक वेळा फिलामेंटचंच असतं, म्हणजे सुटू नये असं. विणताना एका बाजूला फासे सोडतात. मग ते कापड तारांचे काटे बसवलेल्या रुळांवरून नेतात. ते काटे फासे ओरबाडतात, तोडतात, वर काढतात. याला रेझिंग म्हणतात. मग वर आलेली लव एकसारखी कातरतात. दुकानात तुम्ही जाकिटावर हात फिरवून 'काय मऊ आहे!' म्हणता ना, तो मऊपणा म्हणजे मोडलेले तंतू.

कातरणीचा चुरा यंत्रं ओढून घेतात, पण सगळा नाही. बराचसा कापडातच अडकून तुमच्या घरी येतो. पहिल्या चार-पाच धुण्यांत सगळ्यात जास्त लव सुटते, त्यामागे हे मोठं कारण आहे. कारखान्यातच एकदा नीट धुतलं, शोषून घेतलं, ते पाणी तिथेच गाळलं, तर हा लोंढा एका जागी अडवता येतो. होत का नाही? पाणी, वीज, वेळ. आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

शिवणटीप

कापूसकोंड्या, मस्त समजावलंत. शिवणाऱ्याच्या बाजूनं एक भर. कापलेली कड ही सगळ्यात उसवणारी जागा. नुसतं ओव्हरलॉक मारून सोडलेलं आणि कड आत दुमडून शिवलेलं यात धुतल्यावर जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. कड दुमडायला कापड जास्त लागतं, वेळही लागतो. घाऊक शिवणात हे दोन्ही कोणी देत नाही.

कापूसकोंड्या

अगदी. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेनं हे तपासलंय. कात्रीनं कापलेल्या पॉलिएस्टरपेक्षा लेझरनं कापलेल्यातून कितीतरी कमी तंतू सुटले, कारण उष्णतेनं कड वितळून बंद होते.

दोन वेण्या

माझ्या बटणाचं काय झालं?

गाळणी

दोन वेण्या, वाईट बातमी. २०१९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासात 'नाजूक' चक्रातून नेहमीच्या धुण्यापेक्षा सरासरी ८ लाख तंतू जास्त सुटले. आपल्याला वाटतं फिरणं-आपटणं हे कारण, पण त्या चक्रात कापडाच्या मानानं पाणी फार असतं आणि तेच धागे ओढून काढतं. मशीन पूर्ण भरून, थंड पाण्यात, कमी वेळ धुतलेलं बरं. हातानं हलकं धुतलं तर मशीनपेक्षा बरंच कमी सुटतं, मात्र फळीवर घासलं की आकडा पुन्हा वाढतो.

मी सांडपाणी शुद्धीकरणात आहे, म्हणून पुढचा भाग सांगतो. लोकांना वाटतं आमच्याकडून सगळं तसंच समुद्रात जातं. तसं नाही. ग्लासगोजवळच्या एका केंद्राचा २०१६ चा अभ्यास आहे. तिथे ९८ टक्क्यांहून जास्त कण अडत होते. छान वाटलं ना? तरीही उरलेल्या दीड-दोन टक्क्यांतून रोज साडेसहा कोटी कण नदीत जात होते, कारण पाणीच तेवढं. आणि जे अडले ते गाळात बसले. तो गाळ बऱ्याच देशांत खत म्हणून शेतात पसरतात. म्हणजे नदी वाचवली, शेतात नेऊन टाकलं. जिथे शुद्धीकरणच नाही तिथली गोष्ट तर सोडाच.

बरं, पॉलिएस्टरची घनता १.३८, पाण्यापेक्षा जड. ते तरंगत नाही, हळूहळू बुडतं. मारियाना गर्तेत सहा हजार मीटरहून खोल एक कोळंबीसारखा जीव सापडला, त्याच्या पोटात पीईटीचा तंतू निघाला. पीईटी म्हणजे बाटल्यांचं आणि पॉलिएस्टरचं तेच प्लॅस्टिक. शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये त्या नव्या प्रजातीचं नावच ठेवलं युरिथेनीस प्लास्टिकस.

आळशी अजगर

बारशाआधीच पोटात प्लॅस्टिक. हसू येत नाहीये खरं तर.

निळी शाई

मशीनला गाळणी बसवण्याचा उपयोग होतो का मग?

गाळणी

होतो. कॅनडात ओंटारिओमधल्या पॅरी साउंड गावात ९७ घरांत गाळण्या बसवल्या, म्हणजे गावच्या सांडपाणी केंद्राला जोडलेल्या घरांपैकी साधारण एक दशांश. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले तंतू ४१ टक्क्यांनी घटले. पण बाजारातली सगळी साधनं सारखी नाहीत. प्लिमथच्याच २०२० च्या चाचणीत सगळ्यात चांगल्या गाळणीनं ७८ टक्के तंतू अडवले, धुण्याची पिशवी ५४ टक्क्यांवर थांबली, आणि कपड्यांत टाकायचा चेंडू ३१ टक्क्यांवर.

फक्त एक सांगा, जाळी साफ करता कशी?

निळी शाई

नळाखाली धरते.

गाळणी

😐

निळी शाई

अरे देवा.

दोन वेण्या

मीपण. कोणाला सांगू नका.

गाळणी

बहुतेक सगळे तेच करतात. जाळी कोरडी होऊ द्या, लव बोटानं गुंडाळून कचऱ्यात टाका. आता म्हणूनच मला गाळणीवर सगळी भिस्त ठेवणं पटत नाही. ती साफ करणारं माणूस कंटाळलं की खेळ संपला.

अनुस्वार

कायद्याच्या अंगाने थोडे. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा केला, त्यात नव्या धुलाई यंत्रांना तंतू अडवणारी गाळणी हवी आणि त्यासाठी तारीख १ जानेवारी २०२५ अशी नोंद होती. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही २०२३ मध्ये तसेच विधेयक मंजूर केले, २०२९ पासून लागू होणारे. गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवले, कारण दिले ग्राहकांवर पडणाऱ्या खर्चाचे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. भार यंत्र बनवणाऱ्यावर, कापड बनवणाऱ्यावर नाही. छत गळते म्हणून बादली बनवणाऱ्याला नोटीस पाठवण्यासारखे आहे हे.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये मायक्रोप्लॅस्टिकवर निर्बंध आणले. सुटी प्लॅस्टिकची चमकी, सौंदर्यप्रसाधनांतले कण त्यात आले. कपड्यांतून सुटणारे तंतू आले नाहीत. कारण त्या नियमाचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे: 'हेतुपुरस्सर'. उत्पादनात जाणूनबुजून घातलेले कण बंदीखाली, वापरताना नकळत सुटणारे बाहेर.

कापूसकोंड्या

नकळत?

काटेरी रुळ बसवून, वेग ठरवून, किती फासे मोडायचे ते नमुन्याशी ताडून बघून आम्ही ते करायचो. कापड पुरेसं ओरबाडलं गेलं नाही म्हणून माल परत आलेला मी पाहिलाय. हे नकळत असेल तर जाणूनबुजून कशाला म्हणतात?

अनुस्वार

तुमचा मुद्दा बिनतोड आहे. कायदेशीर उत्तर असे की हेतू मऊपणाचा होता, तंतू सुटण्याचा नव्हता. पण परिणाम ठाऊक असताना हेतूची ढाल किती दिवस पुरणार? मोजमाप नाही ही सबबही आता उरलेली नाही. कापडातून किती तंतू सुटतात ते तपासण्याची आंतरराष्ट्रीय मानक पद्धत, आयएसओ ४४८४, २०२३ पासून आहे. कच्चे दुवे दोन. ती चाचणी करणे सक्तीचे नाही, आणि किती सुटले म्हणजे जास्त याची मर्यादा कोणी आखलेली नाही. माझ्या मते ती मर्यादा आणि लेबलवर तो आकडा, एवढे झाले तरी गिरण्यांतले रुळ आपोआप हळू फिरू लागतील.

शिवणटीप

एक शंका. 'बाटल्यांपासून बनवलेलं' असं लिहिलेलं जाकीट घेतलं तर पाप कमी होतं का? मी दोन घेतलीत, अभिमानानं.

कापूसकोंड्या

ताई, मन मोडतोय. बाटल्यांपासून फ्लीस १९९३ मध्ये पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीनं आणलं, तेव्हा ती मोठी गोष्ट होती. कच्चं तेल वाचतं हे खरं. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. बाटलीचं जाकीट झालं की पुढे बहुतेक वेळा कचराच, कारण जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे होण्याचं प्रमाण जगात १ टक्क्याहूनही कमी आहे. आणि पुन्हा वितळवताना प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटून आखूड होतात, तंतू कच्चा राहू शकतो. तुर्कस्तानातल्या २०२१ च्या एका अभ्यासात अशा विणमालातून नव्या पॉलिएस्टरच्या दुपटीहून जास्त तंतू सुटले. सगळाच माल तसा असेल असं मी म्हणणार नाही, चिप्सच्या दर्जावर खूप अवलंबून असतं. पण लेबलवरच्या हिरव्या पानाचा आणि लव सुटण्याचा काही संबंध नाही.

उलटतपासणी

आरोग्याबद्दल कोणी बोलले नाही अजून, म्हणून मीच विचारतो. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक सापडले, त्यात पीईटी होते. बातम्या झाल्या. पण सापडणे म्हणजे अपाय होणे नव्हे. तो पुरावा कुठे आहे?

कापूसकोंड्या

घरात जाकीट घालणाऱ्याबद्दल मी दावा करणार नाही. गिरणीतल्या माणसाबद्दल करतो. नायलॉनची बारीक लव कापडावर चिकटवून मखमलीसारखं कापड बनवतात, त्याला फ्लॉकिंग म्हणतात. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या अशा कारखान्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांचा आजार १९९८ मध्ये डॉक्टरांनी नोंदवला. त्याला नावच 'फ्लॉक वर्कर्स लंग' असं पडलं. म्हणजे हे तंतू श्वासातून भरपूर गेले तर काय होतं, हे पंचवीस वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे.

आमच्या कातरणीच्या खोलीत कोणता रंग चालू आहे ते माणसाच्या पापण्यांवरून कळायचं. लाल लॉट असला की लाल पापण्या. आम्ही त्यावर हसायचो. मास्क होते, पण गरम व्हायचं म्हणून हनुवटीवर असायचे. कोणी रागावायचंही नाही, कारण कामाचा वेग महत्त्वाचा.

निळी शाई

कापूसकोंड्या, हे वाचून काही सुचेना. तुमची तब्येत बरी आहे ना?

कापूसकोंड्या

मी नंतर रंगाई विभागात गेलो, म्हणून वाचलो म्हणा. बरा आहे. काळजीबद्दल आभार.

उलटतपासणी

माघार घेतो. अर्धी.

उरलेली अर्धी अशी: २००० साली जगात सगळ्या प्रकारचे मिळून ५ कोटी ८० लाख टन तंतू तयार झाले होते. २०२३ मध्ये १२ कोटी ४० लाख टन, त्यात एकट्या पॉलिएस्टरचा वाटा ५७ टक्के. तुम्ही पीळ घट्ट करा, कडा वितळवा, कारखान्यात आधी धुवा, आणि दर किलोमागे सुटणारी लव निम्मी करा. त्याच काळात माल दुप्पट झाला तर हाती काय लागले? मला यात वीण आणि रुळांपेक्षा दर आठवड्याला नवा माल काढण्याची सवय मोठी दोषी वाटते.

कापूसकोंड्या

यावर मात्र पूर्ण सहमत. पहिल्या चार-पाच धुण्यांत सगळ्यात जास्त सुटतं हे आठवा. कपडा चार वेळा धुवून टाकून दिला आणि नवा आणला, की पुन्हा ती पहिली चार धुणी आलीच.

आळशी अजगर

म्हणजे जुनाट टी-शर्ट घालणारा मी परत जिंकलो.

दोन वेण्या

पण एक खटकतं. पॉलिएस्टर स्वस्त आहे, लवकर वाळतं, टिकतं, इस्त्री लागत नाही. ज्यांच्याकडे पैसा कमी आणि काम जास्त, ते हेच घालणार. लोकर नि लिनन परवडणाऱ्यानं बाकीच्यांना नावं ठेवायची, हे काही बरं नाही.

अनुस्वार

म्हणूनच भार कपडे घालणाऱ्यावर नको, बनवणाऱ्यावर हवा. युरोपीय संघाने २०२५ मध्ये कचराविषयक निर्देशांत बदल करून सदस्य देशांना कपड्यांसाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी सक्तीची केली आहे. वापरून झालेल्या कपड्यांचे संकलन, वर्गीकरण, पुनर्वापर यांचा खर्च उत्पादकाने द्यायचा, आणि उत्पादन जितके टिकाऊ तितके शुल्क कमी ठेवायचे, अशी रचना. न विकलेले कपडे नष्ट करण्यावरही मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६ पासून बंदी आहे. सुटणाऱ्या तंतूंचा आकडा त्या शुल्काला जोडला, तर निळी शाई यांच्या मूळ प्रश्नाला निदान एका ठिकाणी उत्तर मिळेल.

निळी शाई

सगळ्यांचे आभार, इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

या चर्चेनंतर मी एक उद्योग केला. जाकीट बनवणाऱ्या कंपनीला पत्र पाठवलं. तीनच प्रश्न विचारले. कापड सुटणाऱ्या तंतूंसाठी तपासलंय का, आकडा किती आला, आणि विकण्याआधी ते धुतलं जातं का. नऊ दिवसांनी उत्तर आलं. 'आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल धन्यवाद. पर्यावरण आमच्या प्रत्येक निर्णयाच्या केंद्रस्थानी आहे. कृपया जाकीट उलटं करून, थंड पाण्यात धुवावे.'

कापूसकोंड्या

धुतलंत?

निळी शाई

धुतलं. उलटं करून, थंड पाण्यात, मशीन पूर्ण भरून.

जाळी निळीच. या वेळी वाळवून कचऱ्यात टाकली.